उडवलेल्या प्रतिसादाचा हिशेब

"माझा प्रतिसाद का उडवला?" एवढाच निरोप होता. मी तेव्हा एका ऑनलाइन समुदायाची मॉडरेटर, म्हणजे तिथल्या चर्चांवर देखरेख ठेवणारी, होते. घरात दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाची शुश्रूषा करणारे लोक तिथे एकमेकांना धरून होते. औषधांच्या वेळांपासून स्वतःच्या मोडलेल्या झोपेपर्यंत सगळ्यावर तिथे बोलणं चाले. विचारणारी बाई नवीन होती, सदस्य होऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. मी सवयीने उत्तर दिलं, "नियमभंग झाल्यामुळे." तिने लगेच विचारलं, "कोणत्या नियमाचा?" मी आमची नियमावली उघडली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. तिच्या प्रतिसादाला लागू पडेल असा एकही नियम त्यात नव्हता. एका जुन्या सदस्याला तिने "तुम्ही समोरच्याचं ऐकूनच घेत नाही" असं सुनावलं होतं आणि तिचा सूर मला खटकला होता, एवढंच. त्याच जुन्या सदस्याने दोन दिवसांपूर्वी दुसऱ्या एकाला जवळपास याच शब्दांत झापलं होतं. ते मी वाचलं होतं आणि पुढे गेले होते, कारण त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता.

मी तिचा प्रतिसाद परत आणला, माफी मागितली. ती पुन्हा काही लिहायला आली नाही.

आज कोट्यवधी माणसं ज्या जागांवर सल्ला मागतात, भांडतात, दुःख सांगतात, त्यांतल्या असंख्य जागांचा कारभार बिनपगारी माणसं पाहतात. कुणाचं बोलणं राहणार आणि कुणाचं जाणार, हे ती ठरवतात. कंपन्या काय काढून टाकतात यावर भरपूर लिहिलं जातं. या स्वयंसेवकांच्या न्याय-अन्यायाबद्दल मात्र आपण गप्प असतो. कुणी बोललंच तर "मॉडरेटर माणूस म्हणून कसा आहे" यावर बोलतो. मला वाटतं, गफलत इथेच आहे. सज्जन, समंजस माणसं नेमली की न्याय आपोआप होईल, असं आपण धरून चालतो. मी दुष्ट बुद्धीने तो प्रतिसाद उडवला नव्हता. दमलेली होते, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मला अडवेल असं काहीच नव्हतं. कारण लिहिणं सक्तीचं असतं तर त्या रिकाम्या चौकटीशी माझा हात थांबला असता. मॉडरेटरच्या मनाचा कल कुणालाच पुसून टाकता येणार नाही. त्या मनाला रोखणारी व्यवस्था मात्र नक्की उभी करता येते, आणि ती उभी न करणं हा माझ्या मते मॉडरेटरचा सगळ्यात मोठा दोष आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: "आम्ही हे फुकट करतो. वर आणखी कारणं लिहा, नोंदी ठेवा, अपील ऐका? आम्हालाही घरदार आहे." हा आक्षेप मी हलका मानत नाही. हे काम खरोखर मोठं आहे आणि बहुतेक वेळा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावरच्या स्वयंसेवक मॉडरेटरांच्या कामाचं मोजमाप करणारा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार ही माणसं मिळून दिवसाला किमान ४६६ तास काम करत होती आणि त्या श्रमाची किंमत वर्षाला ३४ लाख डॉलर भरत होती. त्याआधी अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या माजी स्वयंसेवकांनी, आमच्याकडून नोकरासारखं काम करून घेतलं आणि मोबदला दिला नाही, म्हणून १९९९ साली दावा लावला होता. तो २०१० साली दीड कोटी डॉलरला मिटला. तेव्हा फुकट श्रमाचा प्रश्न खरा आहे. पण ते देणं मॉडरेटर आणि त्या जागेचा मालक यांच्यातलं आहे. जिचा प्रतिसाद उडाला तिचा त्याच्याशी काय संबंध? तिने आम्हाला राबवलेलं नाही. पगारी हाताने पुसलं काय नि बिनपगारी हाताने पुसलं काय, तिच्या दृष्टीने ते पुसलंच गेलं.

आणखी एक गोष्ट आत राहूनच कळते. बिनपगारी कामातून मालकीची भावना फार लवकर उगवते. पगार घेणाऱ्याला निदान आठवत राहतं की ही जागा आपली नाही. आपण मात्र रात्री जागून नियम लिहिलेले असतात, पहिले शंभर सदस्य जोडलेले असतात, शिव्या खाल्लेल्या असतात. मग हळूहळू ‘आपला समुदाय’ या शब्दांतला ‘आपला’ फक्त आपल्यापुरता उरतो. टीका करणारा पाहुणा वाटायला लागतो, आणि पाहुण्याने घरच्यांना नावं ठेवू नयेत हा न्याय आपण नकळत लावू लागतो. कंपूबाजीचा आरोप झाला की मॉडरेटर खवळतात, मीही खवळायचे. कंपू ठरवून जमवावा लागत नाही, तो ओळखीतून आपोआप जमतो. ज्यांच्याशी रोज बोलतो त्यांच्या वाक्यामागचा हेतू आपल्याला दिसतो, आणि अनोळखी माणसाचं मात्र फक्त वाक्य दिसतं.

काही मॉडरेटर यावर एक सोपी वाट काढतात: आम्ही निर्णयच घेणार नाही, जागा चालू ठेवू, भांडणं सदस्यांनी आपापसांत मिटवावीत. ही वाट जुनी आहे आणि ती कुठे जाते तेही माहीत आहे. लॅम्डामू नावाचं एक निव्वळ शब्दांतलं आभासी जग पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात सुरू केलं होतं. तिथल्या व्यवस्थापकांना ‘विझर्ड’ म्हणत. डिसेंबर १९९२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे आम्ही फक्त तांत्रिक बाजू पाहू, सामाजिक तंट्यांत पडणार नाही. काही महिन्यांतच एका सदस्याने एक प्रोग्रॅम वापरून इतरांच्या पात्रांवर सगळ्यांदेखत लैंगिक अत्याचाराची वर्णनं लादली. लोक हादरले. त्याला काढा, अशी मागणी झाली, पण काढायचं कुणी? लांबलचक सभा झाली, निष्कर्ष निघाला नाही. शेवटी एका विझर्डने एकट्याने, स्वतःच्या मनाने त्या पात्राचं अस्तित्व संपवलं. म्हणजे हात झटकूनही निर्णय झालाच, फक्त तो कोणत्याही पद्धतीशिवाय झाला. पुढे तिथे अर्ज आणि मतदानाची व्यवस्था आली. आणि १९९६ साली विझर्डांनी मान्य केलं की तांत्रिक आणि सामाजिक निर्णय वेगळे काढता येत नाहीत. अलिप्त राहण्याचा फायदा नेहमी जास्त आवाज असलेल्याला, जास्त मोकळा वेळ असलेल्याला मिळतो. आमच्या समुदायात तर ज्यांच्याकडे वेळ सगळ्यात कमी, त्यांनाच आधाराची गरज सगळ्यात जास्त होती.

तर निर्णय घ्यायचेच आहेत. मग ते कुणी घ्यायचे नाहीत, हे आधी ठरवावं. १९२३ साली इंग्लंडमध्ये एका मोटरसायकलस्वाराला अपघाताच्या प्रकरणात दोषी ठरवण्यात आलं. निकालाचा विचार करायला दंडाधिकारी आत गेले तेव्हा त्यांच्याबरोबर जो कारकून गेला, तो त्याच अपघातात या स्वाराविरुद्ध नुकसानभरपाई मागणाऱ्या पक्षाच्या वकिली पेढीतला होता. कारकून आत काहीही बोलला नव्हता, त्याचं मत कुणी विचारलंही नव्हतं. तरी वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. न्याय नुसता होऊन भागत नाही, तो झाल्याचं निःसंशय दिसलंही पाहिजे, हे तत्त्व तिथले मुख्य न्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी याच प्रकरणात मांडलं. मला यातला कारकुनाचा गप्पपणा महत्त्वाचा वाटतो. "मी वादात होते, पण निर्णय देताना ते मनात आणलं नाही," असं मी स्वतः अनेकदा म्हटलं आहे. ते खरंही असेल. पण ज्याच्याविरुद्ध निर्णय गेला त्याने ते कशावरून मानायचं?

म्हणून माझा पहिला आग्रह असा की ज्या धाग्यावर, म्हणजे एका पोस्टखालच्या सलग चर्चेत, मॉडरेटरने स्वतः मत मांडलं आहे, त्या धाग्यावर त्याने मॉडरेटर म्हणून हात लावू नये. इंग्रजी विकिपीडियावर अशाच अर्थाचा नियम आहे. ज्या वादात आपण गुंतलो आहोत तिथे प्रबंधकाने आपले अधिकार वापरायचे नसतात, अगदी उघड उपद्रव असेल तेवढा अपवाद सोडून. अपवाद हवाच. कुणाचा घरचा पत्ता किंवा फोन नंबर उघड झाला असेल, धमकी असेल, तर दुसऱ्या मॉडरेटरची वाट पाहत बसणं हा गुन्हा ठरेल. आधी झाका, मग पुढचा निर्णय दुसऱ्याच्या हाती द्या. पण "तिघेच मॉडरेटर आहोत आणि तिघेही त्या चर्चेत होतो" ही अडचण मला खरी वाटत नाही. तिघेही प्रत्येक चर्चेत उतरत असतील तर त्यातल्या एकाने बोलणं कमी करावं किंवा चौथा शोधावा. अधिकारही हवा आणि प्रत्येक वादात बाजूही घ्यायची, हे दोन्ही एकाच माणसाला मिळू नये. मला हे जड गेलं. आजारपणात अमुक उपायाने गुण आला असं सांगणारी पोस्ट दिसली की माझं रक्त तापायचं, आणि उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे. उत्तर दिलं की मी त्या धाग्यापुरती नुसती सदस्य उरायचे.

दुसरा आग्रह कारणांचा. कारण म्हणजे "नियमभंग" हा शब्द नव्हे. कोणतं वाक्य, कोणत्या नियमात बसत नाही, काय बदललं तर प्रतिसाद परत येईल आणि निर्णय पटला नाही तर कुणाला विचारायचं, हे सांगणाऱ्या तीन-चार ओळी. यात वेळ जातो, हे खरं. पण न दिलेल्या कारणांमुळे किती जातो, याचा हिशेब आम्ही एकदा मांडला तेव्हा मी चकित झाले होते. खासगी निरोपांतली भांडणं, नवा आयडी काढून परत येणारे लोक, बाहेर जाऊन केलेली बदनामी, त्यावरच्या आमच्या आपसातल्या चर्चा. कारण लिहायला लागणारी पाच मिनिटं त्यापुढे काहीच नव्हती. रेडिटवरच्या ३ कोटी २० लाख पोस्टचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं: पोस्ट काढल्याचं कारण सांगितलं की पुढच्या पोस्ट काढाव्या लागण्याची शक्यता घटते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग मला त्याहून बोलका वाटतो. रेडिटवरच्याच विज्ञानविषयक समुदायात, १ कोटी ३० लाख सदस्यांच्या गर्दीत, काही चर्चांच्या माथ्यावर नियम ठळक लावले आणि काहींच्या नाही. जिथे लावले तिथे नवख्यांचं नियमपालन ८ टक्केबिंदूंहून अधिक वाढलं, आणि त्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम दाखवले की लोक बुजतात, अशी आमची समजूत होती. उलट आहे. नवखा माणूस बुजतो तो आपलं बोलणं इथे टिकेल की नाही याचा अंदाज येत नाही म्हणून.

नियम लिहिताना हेतूंबद्दल लिहू नये, एवढं जाता जाता सांगते. "वाईट हेतूने लिहू नये" हा नियम मॉडरेटरला दुसऱ्याच्या मनात शिरण्याचा परवाना देतो. "दुसऱ्या सदस्याच्या आजारपणावरून टोमणा मारू नये" हा नियम शब्दांवर बोट ठेवू देतो.

निर्णयांची नोंद सगळ्यांना दिसावी, असं मी सुचवलं तेव्हा आमच्यातच खडाजंगी झाली. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा रास्त होता: ज्याचा प्रतिसाद उडाला त्याचं नाव चारचौघांत कशाला? शेवटी नोंदीत नाव न घेता निर्णय लिहायचा असं ठरलं. तारीख, नियम, काय केलं, कुणी केलं. ‘कुणी केलं’ यात मात्र मॉडरेटरचं नाव. "मॉडरेटर मंडळाचा निर्णय" या शब्दांमागे लपण्याची सोय मी बंद करायला लावली, कारण तिचा उपयोग सगळ्यात जास्त मीच केला होता. तीन महिन्यांनी ती नोंदवही वाचताना जे दिसलं ते एकेका निर्णयात कधीच दिसलं नसतं. उद्धट सुरासाठी आम्ही उडवलेल्या प्रतिसादांतले बहुतेक नव्या सदस्यांचे होते. जुन्यांना त्याच सुरासाठी खासगीत समज दिली गेली होती, किंवा तीही नाही.

सगळ्यांना सारखा नियम म्हणजे सगळ्यांना सारखी शिक्षा, असं मात्र मी म्हणत नाही. आमच्याकडे एका सदस्याने आईच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी रात्रभर लिहिलं. डॉक्टरांना शिव्या, नातेवाइकांना शिव्या, "काळजी घ्या" म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांना शिव्या. नियम तंतोतंत लावला असता तर त्याला बाहेर काढावं लागलं असतं. एका मॉडरेटरने ते प्रतिसाद झाकले आणि त्याला लिहिलं, "हे झाकलंय, पुसलेलं नाही. चार दिवसांनी तू सांगशील तसं करू." नोंदवहीतही तिने हेच लिहिलं, कारणासकट. मला हा पक्षपात वाटत नाही, कारण ती सवलत उघड होती आणि उद्या दुसऱ्या कुणावर तशी वेळ आली तर त्याला ती मागता येणार होती. लपून दिलेली सवलत मात्र ओळखीपाळखीची असते. सामायिक जंगलं, कुरणं, पाटाचं पाणी लोक शतकानुशतकं मिळून कशी सांभाळतात, याचा अभ्यास केलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना आढळलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे पायरीपायरीने वाढणारी शिक्षा. पहिल्या चुकीला अगदी हलकी, वारंवार केली तर जड. आम्ही नेमकं उलट करत होतो. पहिली चूक करणाऱ्या नवख्याला दार दाखवत होतो आणि शंभरावी चूक करणाऱ्या जुन्याला सांभाळून घेत होतो. माझं मत असं की सवलत द्यायचीच तर नव्याला द्यावी. जुन्याला जागेची रीत ठाऊक असते, त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवण्यात काही चूक नाही.

तक्रारींच्या संख्येबद्दलही बोलायला हवं. एका प्रतिसादावर अकरा तक्रारी आल्या की मॉडरेटरचा हात आपोआप शिवशिवतो. पण अकरा तक्रारी म्हणजे अकरा पुरावे नव्हेत. आमच्याकडे एक सदस्य होती, रुग्णाला संस्थेत ठेवणं कधी कधी त्याच्या आणि आपल्या दोघांच्याही भल्याचं असतं, असं ती शांतपणे लिहायची. घरीच सेवा करणाऱ्यांच्या जिव्हारी ते लागायचं आणि तक्रारींचा पाऊस पडायचा. तिच्या एकाही वाक्यात नियमाबाहेरचं काही नसे. तिला आम्ही कधी काढलं नाही, याचं समाधान आहे. पण तक्रारी थंड करायला तिच्या धाग्यांवर "विषय संवेदनशील आहे, जपून लिहा" अशी सूचना आम्ही लावत गेलो, तिच्या विरोधकांच्या धाग्यांवर मात्र कधीच नाही. हे फार उशिरा लक्षात आलं. बहुमताला न आवडणारं बोलणं राखणं हे मॉडरेटरचं काम आहे. बहुमताला आवडणारं बोलणं राखायला मॉडरेटर लागतच नाही.

आता माझा सगळ्यात वादग्रस्त मुद्दा. मॉडरेटरपदाला मुदत असावी. दोन वर्षं, मग किमान एक वर्ष साधं सदस्य. यावर मला सांगितलं जातं की अनुभव वाया जाईल, आणि पुढे येतंय कोण? अनुभव वाया जाऊ नये म्हणूनच तर नोंदवही आहे. आज तो अनुभव एकेकाच्या डोक्यात असतो, म्हणून माणूस गेला की जातो. आणि पुढे कुणी येत नाही याचं एक कारण असं की पद आजन्म दिसतं. दोन वर्षांसाठी हो म्हणणारे पुष्कळ असतात, जन्मभरासाठी कोण म्हणेल? स्लॅशडॉट या संकेतस्थळाने तर अधिकाराचे तुकडेच करून वाटले होते. नियमित वाचकांपैकी काहींना यदृच्छेने मोजके गुण मिळत, प्रतिसाद वरखाली करायला. तीन दिवसांत वापरले नाहीत तर ते संपत, आणि ज्या चर्चेत स्वतः लिहिलं तिथे ते वापरता येत नसत. १९९९ पासून त्या गुणांचा वापर योग्य झाला का, हे इतर सदस्य तपासत. ती पद्धत प्रत्येक ठिकाणी चालणार नाही. शोकात असलेल्या माणसाचा प्रतिसाद गुण देऊन वरखाली करणं मला तरी सहन झालं नसतं. पण न्यायाचं काम मूठभर लोकांनी कायम करायचं आणि बाकीच्यांनी कायम त्यांना बोल लावायचे, ही वाटणी तिने मोडली, एवढं खरं. "मॉडरेटर पक्षपाती आहेत" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत असे, पुढचे सहा महिने तुम्ही याल का? हा प्रश्न त्यांना गप्प करायला नव्हता. सात जण आले. त्यातले दोघे आमच्यापेक्षा कितीतरी चांगले निघाले.

माझी मुदत संपून आता दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात माझा एक प्रतिसाद उडाला. निरोपात नेमकं वाक्य उद्धृत केलेलं होतं, नियमाचा क्रमांक होता, खाली मॉडरेटरचं नाव होतं. वाक्यातला एक शब्द बदलला तर प्रतिसाद परत ठेवू, असंही लिहिलं होतं. मी शब्द बदलला नाही, अपील केलं. त्या धाग्यावर न लिहिलेल्या दुसऱ्या मॉडरेटरने ते दोन दिवसांत पाहिलं, माझा मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडला आणि तो का मान्य नाही ते सहा ओळींत लिहिलं. निर्णय कायम राहिला. मला तो अजूनही चुकीचा वाटतो. काल रात्री मी त्याच धाग्यावर पुन्हा लिहिलं.